थंडीत कलम घेताय? पानं नंतर बघा, आधी बॅग उचला

आमच्याकडे कोकणात कलमं घ्यायची म्हणजे मिरगाच्या तोंडावर. चार शेजारी मिळून टेम्पो करायचा, नर्सरीत जायचं, तिथे आधीच झुंबड, आणि नर्सरीवाला जे बाजूला काढून ठेवेल ते गुपचूप भरून आणायचं. मी पण कितीतरी वर्षं हेच केलं. आता मात्र मी डिसेंबर-जानेवारीत जातो, आणि लोक हसतात, म्हणतात ह्या थंडीत झाडं कोण घेतं. पण बघा, आंब्याची कोय कलमं (कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधून केलेली) बांधतात पावसाळ्यात, जून-जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे डिसेंबर येईपर्यंत त्यातली जी जगायची ती जगलेली असतात आणि जी मरायची ती मेलेली. शिवाय पावसात कुठलंही रोप हिरवंगारच दिसतं, अगदी मुळं कुजलेलं पण. थंडीत, कोरड्या वाऱ्यात आणि कुंडीच्या चार मूठ मातीत जे उभं राहतं त्याचं खरं काय ते दिसतं. फक्त ते दिसायला कुठे बघायचं हे माहीत पाहिजे, आणि मला ते एक चिकू घालवून कळलं.

तर चिकूचं आधी सांगतो. जानेवारीत एक कालीपत्ती जातीचा चिकू घेतला होता, कमरेएवढा, वर दोन फळं लागलेली, बघूनच जीव जडला. घरी आणला, दापोलीत, पडवीसमोर ठेवला. तीन आठवडे एकदम टवटवीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत होतो. शिवरात्रीच्या सुमारास दोन दिवस ऊन तापलं आणि एका दुपारी सगळी पानं एकदम खाली लोंबली. पाणी घातलं, सावलीत नेला, काही नाही. आठ दिवसांनी बॅग फाडली तर तळाशी अंगठ्याएवढं जाड मूळ सपकन कापलेलं, टोक काळं, आणि वरच्या मातीत बारीक मुळं जवळजवळ नाहीतच.

झालं काय होतं, की ती बॅग नर्सरीत कितीतरी महिने जमिनीवर तशीच पडून होती. बॅगेच्या भोकातून मूळ जमिनीत गेलं आणि झाड खरं तर तिथल्या जमिनीवर जगत होतं, बॅगेतल्या मातीवर नाही. मी घेतलं त्या दिवशी उचललं, कट्ट झालं, संपलं. थंडीत पानातून पाणी कमी उडतं म्हणून ते तीन आठवडे खोडातल्या ओलीवर तग धरून होतं. मे महिन्यात घेतलं असतं तर चार दिवसांत माना टाकल्या असत्या आणि मी भांडायला तरी गेलो असतो. थंडीत घेण्यातला मोठा धोका हाच आहे, झाड उशिरा मरतं, तोवर बिल पण हरवलेलं असतं.

आपल्याकडे थंडी म्हणजे किती

किनाऱ्यावर, म्हणजे रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले इकडे जानेवारीत पहाटे साधारण 18-19 अंशांच्या आसपास असतं. वर दापोलीच्या पठारावर 10-12 पर्यंत उतरतं, एखाद्या वर्षी त्याच्या पण खाली, उगाच नाही मिनी महाबळेश्वर म्हणत. बर्फ बिर्फ काही नाही. त्यामुळे "थंडीने झाड गेलं" असं कोणी म्हटलं की मी तरी पटकन मान हलवत नाही. आंब्याला तर मोहोर यायला पहाटेचा गारठा लागतोच.

त्रास होतो तो कुंडीमुळे. जमिनीतल्या झाडाची मुळं गोधडीत असतात, वरून कितीही गार झालं तरी खाली हातभर ऊब असते. कुंडीतल्या झाडाची मुळं म्हणजे ओट्यावर उघडा झोपलेला माणूस, चारी बाजूंनी वारा. त्यात मातीची कुंडी असेल तर ती माठाचंच काम करते, बाहेरून पाणी झिरपतं, उडतं, आणि आतली माती गार होते. उन्हाळ्यात हे चांगलं, पण जानेवारीत पहाटे त्या कुंडीत बोट खुपसून बघा, आणि मग घराच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या प्लास्टिकच्या बॅगेत खुपसून बघा, लगेच कळेल. काळ्या बॅगेचं उलटं दुखणं, दुपारी एका बाजूने ऊन लागून माती चटका बसेल इतकी तापते आणि पहाटे गार पडते, बारीक मुळांना हा हेलकावा झेपत नाही.

दुसरं म्हणजे वारा. रात्री जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुटतात, थंडीत ते कोरडे असतात. पानं पाणी सोडत राहतात आणि गार मातीतली मुळं तेवढं ओढू शकत नाहीत. मग पानांच्या कडा करपतात आणि लोक म्हणतात पाणी कमी पडलं, अजून घाला. आणि घालतात. आणि मग मुळं कुजतात.

काय आत्ता घ्यायचं, काय होळीनंतर

आंबा, काजू, चिकू, जांभूळ, पेरू, लिंबू, कोकम ही बिनधास्त घ्या. सीताफळ, अंजीर, आवळा ही थंडीत पानं टाकतात, नर्सरीत नुसत्या काटक्या उभ्या दिसतात आणि कोणी बघत पण नाही. उलट हीच घ्यायची वेळ, पानं नसल्याने आणताना त्रास नाही, आणि खोडाची, जोडाची तब्येत उघडी दिसते. नखाने बारीक फांदीची साल इतकीशी खरवडायची, आत हिरवं ओलसर असलं तर जिवंत, तपकिरी कोरडं असलं तर जरा खाली खरवडून बघायचं, तिथेही कोरडं असेल तर सोडून द्या. विचारून खरवडा, सगळ्यांनी एकेक नख मारलं तर त्या झाडाचं काय होईल.

मँगोस्टीन, रांबुटान, केळीची टिश्यू कल्चर रोपं, पपई ही मात्र थांबा. ह्यांना बारा महिने ऊब आणि दमट हवा लागते, पारा 15 च्या खाली जायला लागला की वाढ जवळजवळ थांबते, झाड नुसतं ओल्या मातीत बसून राहतं आणि बुरशीला आयतं आमंत्रण. तुमची माड-पोफळीची बाग खाली समुद्राकडे असेल तर गोष्ट वेगळी, तिथे जायफळ आणि मँगोस्टीन मजेत राहतात. पण वर पठारावर असाल तर होळी होऊ द्या.

आणि आता सफरचंद, कारण दर थंडीत कोणीतरी विचारतंच. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मांनी शोधलेलं एचआरएमएन-99 हे कमी थंडीवर फळणारं वाण खरं आहे, त्यांना 2025 मध्ये पद्मश्री पण मिळाली. सफरचंदाला थंडीतली झोप गरजेची असते, म्हणजे साधारण 7 अंशांच्या खालचे ठराविक तास मिळाले तरच डोळे नीट फुटतात. नेहमीच्या पहाडी वाणांना असे हजार-एक तास लागतात, ह्या वाणाला फार कमी. पण आपल्या किनाऱ्यावर 7 अंश म्हणजे फ्रिजमध्येच. हौस म्हणून एक कुंडी ठेवायची तर ठेवा, दोन फुलं आली तर फोटो काढा. पन्नास झाडं लावायला निघाला असाल तर त्याच पैशात काजू लावा असं माझं स्पष्ट मत. आणि "कोकणात हमखास फळणारं" असा बोर्ड दिसला तर विचारा, तुमच्याकडचं फळलेलं झाड दाखवता का.

नर्सरीत गेल्यावर

सकाळी जाऊ नका. सकाळी सगळ्यावर दंव असतं, नाहीतर नुकतंच पाणी मारलेलं असतं, सगळी झाडं नवऱ्यामुलासारखी तरतरीत. दुपारी बारा-एकला जा, ऊन डोक्यावर असताना. मुळं कमजोर असलेलं झाड त्या वेळेला पानं जरा मिटून, जरा झुकून उभं असतं, एका रांगेत चाळीस झाडं असली तर ती तीन-चार बरोब्बर ओळखू येतात.

झाडं कुठे ठेवलीयत ते बघा. शेडनेटच्या किंवा पॉलिहाऊसच्या आत वाढवलेलं झाड दिसायला गुटगुटीत, पानं मऊ, पण ते थेट तुमच्या अंगणातल्या वाऱ्यात आणलं की आठवड्यात पानं करपतात. बाहेर उघड्यावर महिनाभर काढलेलं, जरा राकट पानांचं, एखाद-दुसरं पान फाटलेलं असं झाड मी घेतो. हे सांगून पटत नाही कोणाला, माझ्या बायकोला अजून पटलेलं नाही, ती चकचकीत पानाचंच उचलते.

मग मुख्य काम. बॅग उचला. ओढायची नाही, खालून हात घालून हळू उचलायची. सहज उचलली गेली तर उत्तम. अडकली, आणि खालून कट्ट असा आवाज आला, तर ते झाड तिथेच ठेवा, कितीही आवडलेलं असू दे. मी सरळ विचारतो, "काका, ही बॅग शेवटची कधी हलवली होती?" चांगला नर्सरीवाला लगेच सांगतो, की महिन्यापूर्वी सगळी उचलून जागा बदलली, मुळं छाटली, मग सावलीत ठेवली. असं उचलून महिना झालेला माल म्हणजे सोनं, कारण तुटायचं ते तुटून परत नवी मुळं फुटलेली असतात. जो म्हणतो "ओ, घेऊन जा, काय नाय होत" त्याच्याकडून मी काही नेत नाही.

बॅगेचा तळ बघून झाला की शक्य असेल तर एक तरी झाड बॅगेतून अलगद सरकवून दाखवा म्हणा. दहा-पंधरा झाडं घेणार असाल तर दाखवतात. मुळांची टोकं पांढरी, माती हाताला भुसभुशीत, वास पहिल्या पावसासारखा, हे हवं. मुळं तपकिरी, हात लावला की साल निघून आत दोऱ्यासारखी शीर उरते, आणि वास गटारासारखा, तर पाणी साचून कुजलंय. मुळं बॅगेच्या भिंतीला लागून गोल गोल चकलीसारखी फिरलेली असतील तर झाड बॅगेत जास्त वर्षं राहिलंय, अशी मुळं जमिनीत लावल्यावर पण तशीच फिरत राहतात आणि पाच-सहा वर्षांनी वादळात झाड आडवं होतं. म्हणून उंच, जाड, जुनं झाड छोट्या बॅगेत दिसलं की "वा, काय मोठं आहे" म्हणू नका, ते जुनं आहे.

मातीचं पण बघा. बाहेरच्या राज्यातून ट्रकने येणारी झाडं पुष्कळदा चिकट मातीच्या गोळ्यात असतात. आपल्या जांभ्याच्या मातीत तो गोळा तसाच पुरला तर आजूबाजूची माती पाणी सोडून देते आणि गोळा आत एकतर दगडासारखा सुकतो नाहीतर चिखल होऊन बसतो. अशा वेळी लावताना कडेची थोडी माती हाताने मोकळी करावी लागते, ते लक्षात ठेवूनच घ्या.

आता जोड. कलम जिथे बांधलंय तिथे बोट फिरवा. खुंट (म्हणजे खालचं मुळाकडचं रोप) आणि वरची काडी जवळपास सारख्या जाडीचे, जोड भरून आलेला, फट नाही, हे हवं. प्लास्टिकची पट्टी अजून आवळलेली असेल आणि तिच्यावर-खाली खोड फुगलं असेल तर गळा आवळला जातोय. थोडंसंच असेल तर घरी येऊन ब्लेडने पट्टी उभी कापून टाका, खोल खाच पडली असेल तर नको. जोडाच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची, म्हणजे रायवळची (गावठी आंब्याची), तीच वाढत राहिली तर दहा वर्षांनी हापूस म्हणून लावलेल्या झाडाला बिटकीएवढे आंबे. काही ठिकाणी वरची काडी मेलेली आणि खालची फूट छान वाढलेली असं झाड पण रांगेत उभं असतं, पटकन लक्षात येत नाही.

पानांचा रंग बघून घाबरू नका, आणि भुलू पण नका. आंब्याची तांबूस पालवी ही पालवीच आहे, थंडी नाही. पेरूची जुनी पानं थंडीत जांभळट-तांबूस होतात, माती गार असली की मुळं स्फुरद (फॉस्फरस) नीट उचलत नाहीत म्हणून, फेब्रुवारीत नवी पानं बरोबर येतात. लिंबू पण थंडीत जरा पिवळं पडतं. पण पानांच्या मागे कापसासारखा पिठ्या ढेकूण, खोडावर खवले कीड, पानावर काळी काजळी असं असेल तर ते थंडीवर ढकलू देऊ नका.

मोहोर किंवा फळं लागलेलं झाड म्हणजे तर लोकांना वेड लावायची वस्तू. कोय कलमाची काडी मोठ्या झाडाची असते म्हणून ते बॅगेत पण मोहोरतं, यात झाडाची काही ताकद नाही. घरी आणून तो मोहोर खुडायचा, आंब्याचा पहिली तीन-चार वर्षं खुडायचाच. लिंबाच्या आणि पेरूच्या गुटी कलमाला (झाडावरच फांदीला मुळं फोडून मग कापलेल्या) फळं असली तर मुळं किती आहेत ते बघा, बऱ्याचदा फळं चार आणि मुळं पण चारच.

कोकमाचं वेगळं सांगायला पाहिजे. कोकमाची नर आणि मादी झाडं वेगवेगळी, बियांपासूनच्या रोपातलं कुठलं काय हे फुलायला लागल्यावरच कळतं, म्हणजे सहा-सात वर्षांनी, तोवर निम्मी नर निघतात. म्हणून कलमच घ्यायचं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण अमृता, कोकण हातीस ही वाणं आहेत. आणि कलम सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचं आहे का ते विचारा, आडव्या फांदीची काडी बांधलेली असेल तर झाड उंच न होता जमिनीलगत पसरत जातं. जायफळाचं पण नर-मादीचं तसंच.

शेवटी बिल. फळझाडांच्या रोपवाटिकांसाठी महाराष्ट्रात 1969 चा कायदा आहे, परवाना लागतो, तो विचारायला लाजू नका. बिलावर वाण आणि कलमाचा प्रकार लिहून घ्या, नुसतं "आंबा 10 नग" नको. भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत लावणार असाल तर परवानाधारक नर्सरीचंच कलम चालतं. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र यांच्याकडे आधी नाव नोंदवलं तर उत्तमच. फोटो बघून कुरिअरने झाडं मागवण्याबद्दल मला एवढंच म्हणायचंय, की फोटोत बॅग उचलता येत नाही.

घरी आणताना

उघड्या टेम्पोत थंडीच्या संध्याकाळी दोन तास झाडं आणली की वाऱ्याने पानं सुकतात, मी एकदा असं करून आंब्याची सगळी कोवळी पालवी घालवलीय. गोणपाट नाहीतर जुनी साडी गुंडाळा, बॅगा आडव्या नको, एकमेकींना खेटून उभ्या, मधे पेंढा. झाड खोडाला धरून कधीच उचलायचं नाही, बॅगेला धरून. बाईकवर आणणार असाल तर मागच्याला मांडीवर घेऊन बसू दे आणि पदर, शॉल काही असेल ते पानांवरून.

मिरगापर्यंत सांभाळायचं कसं

आता पाच महिने हातात आहेत. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग हळूहळू सकाळचं ऊन. जागा शोधायची ती जांभ्याच्या भिंतीची, दुपारचं ऊन खाल्लेली भिंत रात्रभर ऊब सोडते. सिमेंटच्या गार कट्ट्यावर नको, खाली फळी टाका. थेट मातीवर ठेवलीत तर दर पंधरा दिवसांनी बॅग उचलून जागेवरच फिरवा, नाहीतर माझ्या चिकूची गोष्ट तुमच्याच अंगणात. सगळ्या बॅगा एकत्र खेटून ठेवायच्या, मधे आणि कडेने सुका पाला भरायचा, आणि ज्या बाजूने मतलई येतो तिथे माडाची झाप उभी करायची. भातखाचराच्या खोलगट कोपऱ्यात ठेवू नका, गार हवा पाण्यासारखी उताराने येऊन तिथे साचते.

पाणी सकाळी आठ-नऊला, संध्याकाळी नाही. विहिरीचं पाणी पहाटे कोमट असतं हे सगळ्यांना माहितीये, ते घाला, छतावरच्या टाकीतलं रात्रभर गारठलेलं नको. किती घालायचं ते बोट सांगतं, दोन पेरं खुपसून ओल लागली तर आज नको. किंवा बॅग जरा उचलून वजन बघा, आठवड्यात हाताला सवय होते. खत आत्ता काही नको, युरिया तर अजिबात नको, गार मातीत मुळं ते घेतच नाहीत आणि चुकून कोवळी फूट आलीच तर ती आधी करपते. कुंडी बदलायची घाई पण फेब्रुवारी संपेपर्यंत नको.

कडाक्याची रात्र असेल तर वरून गोणपाट टाका, पण प्लास्टिक नको. लोक रात्री पॉलिथिन गुंडाळतात, सकाळी काढायचं विसरतात आणि दहा वाजता आत वाफ झालेली असते. दंव आणि ढग असे चार दिवस लागले की आंब्याच्या कोवळ्या शेंड्यावर भुरी धरते, पांढरी पावडर टाकल्यासारखी, तेव्हा पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी फवारायचं, भर दुपारी नाही.

एप्रिलमध्ये खड्डे काढून ठेवा, आंब्याला मीटर बाय मीटर आणि मीटरभर खोल, कातळ असेल तर आधीच सांगून ठेवा, तेव्हा माणसं मिळत नाहीत. मिरगाचे दोन चांगले पाऊस झाले, माती खालपर्यंत भिजली, की लावायचं. जोड मातीच्या वर राहिला पाहिजे.

त्या चिकूच्या जागी दुसऱ्या वर्षी जानेवारीतच दुसरा आणला, गुडघ्याएवढा, एकही फळ नसलेला, बारा बॅगा उचलून बघितल्यावर तेरावी घेतली. आता त्या नर्सरीत शिरलो की म्हातारे काका आतल्या पोराला ओरडून सांगतात, "अरे, रांगा जरा सरळ कर, ते बॅगा उचलणारे आलेत."